साल मोडलं

पावती अजून माझ्याकडे आहे. गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरं, शाळेचा गोल शिक्का अर्धा कागदावर आणि अर्धा बाहेर. रक्कम 15,000 रुपये. तपशिलाच्या रकान्यात बाबूंनी 'दंड' लिहायला घेतलं होतं. 'दं' लिहून ते थांबले, उठून आतल्या खोलीत गेले, दोन मिनिटांनी परत आले आणि त्या अनुस्वारावरच मात्रा ओढून त्यांनी 'दे' केला. मग पुढे लिहिलं, 'देणगी, शाळा विकास निधी, ऐच्छिक'. नीट पाहिलं तर मात्रेखाली तो अनुस्वार आजही दिसतो.

तारीख 29 ऑगस्ट 2019. दुसऱ्या दिवशी पोळा होता. कार्यालयाच्या खिडकीतून समोरच्या गोठ्यातली खांदशेकणी दिसत होती. एक म्हातारेबुवा बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते आणि दरवर्षी म्हणतात तेच म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आत मी पाचशेच्या तीस नोटा दोनदा मोजून टेबलावर ठेवल्या. बाबूंनी तिसऱ्यांदा मोजल्या. मग म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. मी कायचा मालक हाय?"

दारव्हा तालुक्यातल्या त्या शाळेत मी तीन वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. विनाअनुदानित शाळा, महिना 7,500 रुपये. रुजू झाले तेव्हा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर करारनामा झाला होता. मी तो वाचला होता, हे आधीच सांगते, कारण 'वाचलंच नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही. अकरावं कलम असं होतं: शैक्षणिक वर्षाच्या मध्येच नोकरी सोडल्यास तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम संस्थेस भरावी लागेल. पहिल्या महिन्याचा पगार अनामत म्हणून राहील. मूळ कागदपत्रं, म्हणजे टीसी, बीएस्सी आणि बीएडच्या पदव्या, 'सुरक्षिततेसाठी' संस्थेच्या कपाटात राहतील. आणि एक गोष्ट करारनाम्यात नव्हती, पण त्याच दिवशी करून घेतली. कोऱ्या तारखेचा राजीनामा. 'मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव' वगैरे, खाली माझी सही, वर तारखेची जागा रिकामी. सगळ्यांकडूनच घेतात म्हणाले. मी सही केली. वय चोवीस, घरी धाकटा भाऊ शिकणारा, आणि बीएड झालेल्या पोरींचा आमच्याकडे तेव्हा काही दुष्काळ नव्हता.

घरी आल्यावर आबाजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे सालानं राह्यली तू?"

मला तेव्हा ते लागलं होतं. शिकलेल्या नातीला सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याच्या, ओळीत बसवलं म्हणून. आता वाटतं, त्या घरात करार म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं. माझ्या लहानपणी ओसरीवर सतरंजी टाकली जायची. आबाजी, सालदार, त्याचा एखादा भाऊबंद आणि शेजारचे दोघं एवढीच माणसं. साल किती, दाणे किती, कपडा किती, उचल किती, हे सगळं तोंडानं मोठ्यानं बोललं जायचं. मग कडुनिंबाची चटणी, मग चहा. पाडवा ते पाडवा. त्यात पोळ्याला नवे कपडे आणि पुरणपोळीचं जेवण, कारण तो दिवस बैलाचा तसा त्याचाही.

एका वर्षी, मी शाळेत जायला लागले त्याच सुमाराला, आमच्या सालदारानं पोळा झाल्याबरोबर साल मोडलं. आम्ही पोरं त्याला काका म्हणायचो. नवे कपडे घातले, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडत असताना तो सांगायला आला की बायकोच्या भावानं वीटभट्टीचं काम पाहून ठेवलंय, जातो. आबाजींचा पारा असा चढला की आजीनं आम्हाला आत ओढलं. पुढे कापसाचा वेचा, सोयाबीनची सोंगणी, आणि हा निघाला. पण संध्याकाळी त्याच ओसरीवर तीच माणसं बसली. साल होतं 9,000. चैत्र ते श्रावण पाच महिने झालेले, म्हणजे 3,750. उचल घेतली होती 5,000. म्हणजे 1,250 रुपये त्याच्याकडून येणं. पोळ्याचे कपडे धरायचे का यावर थोडं झालं. शेजारचे म्हणाले, सणाचं धरत नसतात. धरले नाहीत. आबाजी म्हणाले, "तुले जायचं हाय त जाय, पण हिशेब करून जाय." तो हिशेब करून गेला, पैसे काही देऊन गेला नाही. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षं आबाजी प्रत्येक पाडव्याला त्या साडेबाराशेची आठवण काढून त्याच्या नावानं बोटं मोडायचे. ते काही संत नव्हते.

पण त्या रात्री ओसरीवर त्यांनी मागितलं ते उचलीतलं उरलेलं. राहिलेल्या सात महिन्यांचं नाही. तसं मागता येतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. वेचणीला त्यांनी दुसरी माणसं लावली, रोज जास्त द्यावा लागला, तो त्यांनी सोसला आणि शिव्या दिल्या.

माझ्या पगाराचा आणि माझ्या जाण्याचा हिशेब कोणी ओसरीवर केला नाही. डिसेंबर 2017 मध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली होती. मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, नोंदणी, प्राधान्यक्रम, आरक्षणाचे वाद, कोर्टातल्या तारखा. दीड वर्ष वाट पाहिली. 2019 च्या पावसाळ्यात यादी लागली आणि त्यात माझं नाव आलं. जिल्हा परिषद, शिक्षण सेवक, तीन वर्षं, मानधन महिना 6,000. हो, 7,500 सोडून मी 6,000 वर गेले. हे बाहेरच्यांना समजावणं कठीण आहे, पण आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावावं लागलं नाही. तीन वर्षं कशीबशी काढली की माणूस कायम होतो, आणि कायम झालेल्या माणसाच्या घरी भावाचं लग्न जमतं. जाता जाता आमच्या तुकडीचं नशीब सांगते: आमची तीन वर्षं 2022 मध्ये संपली आणि 1 जानेवारी 2023 पासून मानधन 16,000 झालं.

आदेशात रुजू व्हायला पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत हजर झालो नाही तर नेमणूक गेली. मी लगेच शाळेत राजीनामा दिला. आणखी बारा दिवस शिकवू शकले. संस्थेच्या भाऊंनी करारनामा काढला, अकराव्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "22,500 होतात. अनामतीचे साडेसात वजा करा. 15,000 भरा आणि कागद घेऊन जा." मी हात जोडले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही वाचूनच सही केली नं?"

त्या सबंध प्रकरणात ज्यांच्यापुढे माझी मान खाली गेली ते एकटे हेडसर. ते पैशाबद्दल बोललेच नाहीत. "तुमचं भलं झालं, आनंद आहे. पण माझ्या नववीचं काय करू ते सांगा." मला सांगता आलं नाही. ऑगस्टच्या शेवटी, यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावात, 7,500 वर गणिताचा बीएस्सी माणूस कुठून आणायचा?

पैसे बाबांनी कृषी केंद्रवाल्याकडून आणले. खताच्या उधारीच्या वहीत एक ओळ वाढली.

नियम मी वाचले ते फार नंतर. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ते लागू नाहीत, त्यामुळे तोवर गरजही पडली नव्हती. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा आपला कायदा 1977 चा आणि नियमावली 1981 ची. अनुदान असो की नसो, राज्यातल्या खासगी शाळांना तो लागू आहे. नियमावलीतला चाळिसावा नियम राजीनाम्याचा. कायम कर्मचाऱ्यानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची, अस्थायी असेल तर एक महिन्याची. त्याआधी जायचं असेल तर व्यवस्थापनाच्या परवानगीनं जाता येतं, जितके दिवस कमी पडले तितक्याच दिवसांचं वेतन भरून, आणि तेही भत्ते सोडून. मी त्या रात्री कागदावर मांडणी केली. 7,500 ला तीसनं भागा, 250 रोज. अस्थायीच्या एका महिन्यातले बारा दिवस मी शिकवलं, अठरा कमी पडले. 4,500 रुपये. माझे गेले 22,500. आबाजी असते तर ओसरीवर त्यांनी हाच हिशेब तोंडी केला असता.

त्याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत. सुटीचा हक्क असलेल्या शिक्षकाला सुटीत, किंवा सुटीचे दिवस नोटिशीत येतील अशा बेतानं, राजीनामा देता येत नाही. आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात तर मुळीच नाही. हे वाचलं तेव्हा मला तो नियम लिहिणारा माणूस आवडला. त्याला शाळा माहीत होती. जून-जुलैत गेलेला मास्तर म्हणजे पेरणीच्या दिवसांत मेलेला बैल. पुढे मात्र असं आहे की व्यवस्थापनानं एखाद्याला नोटिशीविना, पैसे न भरता जाऊ दिलं, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापायची. म्हणजे माफ करायची असेल तर स्वतःच्या खिशातून करा. अनुदानित शाळेत हे बरोबर बसतं, पगार सरकारचा आहे. आमच्या शाळेला अनुदानच नव्हतं. तिथे नियमाची ती बाजू नुसती लोंबकळत राहते, आणि भरलेले पैसे जातात विकास निधीत. त्या वर्षी शाळेच्या फाटकाला नवी कमान झाली. माझे पंधरा हजार तिच्यात गेले असं मी म्हणत नाही. पण गणिताचा मास्तर आला नाही, कमान झाली, एवढं मी पाहिलं.

आणि त्या कोऱ्या राजीनाम्याचं. कायद्याचं सातवं कलम सांगतं की राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही, दोन्हींवर तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःजवळ. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा बंदोबस्त का, याचं उत्तर मला त्या कपाटात पडलेल्या माझ्याच कागदानं दिलं. मला जायचं तर करारनाम्याप्रमाणे तीन महिने. त्यांना मला घालवायचं तर तारखेचे आठ आकडे.

माझ्यासोबत शिकलेली अमरावतीची एक मैत्रीण आता टेक्सासमध्ये शाळेत शिकवते. तिकडचा कायदा तिनं मला फोनवर सांगितला होता. वर्गात शिकवायला सुरुवात होण्याच्या पहिल्या दिवसाआधी 45 दिवसांपर्यंत राजीनामा दिला तर काही दंड नाही, मोकळं जायचं. त्यानंतर करार मोडला आणि कारण पटण्यासारखं नसेल, तर तक्रार होते आणि शिकवण्याच्या प्रमाणपत्रावरच कारवाई होऊ शकते. 'पैसे घ्या पण ते नको' असं म्हणत होती. मला त्यातले 45 दिवस आवडले. त्यांनी पाडवा ठरवून दिलाय. आमच्या नियमात कधी जायचं नाही हे आहे, आणि ते बरंच आहे. पण सरकारचा एक हात महिन्याची नोटीस मागतो आणि दुसरा हात पंधरा दिवसांत रुजू हो म्हणतो, तेव्हा मधले पंधरा दिवस कोणाच्या खात्यावर टाकायचे, ते कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

आता नववीचं. हे मी टाळत आले आहे.

मी सोडलं तेव्हा फळ्यावर बहुपदी चालू होत्या, भाग एकमधलं तिसरं प्रकरण. संश्लेषक भागाकाराची दोन उदाहरणं सोडवून झाली होती, तिसरं अर्धं. तास संपल्याची घंटा झाली, मी म्हटलं उद्या पूर्ण करू, आणि तो उद्या कार्यालयात नोटा मोजण्यात गेला. त्या वर्गात अठ्ठावीस मुलं होती. त्यांतली निम्मी तांड्यावरची. घरी गणित सांगणारं कोणी नाही, शिकवणी नाही. नंतर कळलं, दिवाळीपर्यंत पीटीचे सर गणिताच्या तासाला बसायचे. बसायचे म्हणजे बसायचेच. दिवाळीनंतर कोणी एक जण आला, जानेवारीत गेला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द, पहिल्या सत्रावर सगळे वरच्या वर्गात. पुढचं वर्ष मोबाइलवर, ज्यांच्याकडे तो होता त्यांचं. 2021 ची दहावी तर झालीच नाही. निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, आणि शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले. म्हणजे ज्या नववीला अर्धं वर्ष गणिताचा शिक्षक नव्हता, त्या नववीवर त्यांची निम्मी दहावी उभी राहिली. राज्याचा निकाल 99.95 टक्के. आमची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पास.

त्यांतली एक मुलगी मला 2022 मध्ये दारव्ह्याच्या स्टँडवर भेटली. पाया पडली, मग हसत सुटली. "मॅडम, मले दहावीत गणितात 88 हायेत. अन् तुमचं ते तिसरं उदाहरण आजही येत नाही." तिनं आर्ट्स घेतलं होतं. मी विचारलं, गणित का नाही? म्हणाली, "कायच्या भरवशावर घेऊ?" तेवढ्यात दिग्रसची गाडी लागली आणि ती खिडकीतून बॅग टाकून जागा धरायला पळाली.

साल मोडल्यामुळे आबाजींचा किती कापूस बोंडात राहिला ते दिसायचं, वेचून संपलेल्या आणि न संपलेल्या ओळी मोजता यायच्या. माझी तूट कुठल्याच गुणपत्रिकेवर आली नाही. उलट 88 आले. मी भरलेला दंड त्या मुलीच्या वाट्याला एका खडूइतकाही आला नाही. तरी 15,000 भरले म्हणून मी सुटले, असं मला कित्येक महिने वाटत होतं. पावती होती ना.

2025 मध्ये महालक्ष्म्यांना माहेरी गेले होते. पूजेच्या दिवशी, 1 सप्टेंबरला, आंबील, सोळा भाज्या, पुरण, पंगती सगळं आटोपून बायका जरा टेकल्या तेव्हा भाची जवळ येऊन बसली. तालुक्याच्या गावी एका इंग्रजी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, वर्ष-सव्वा वर्ष झालं. नागपूरच्या एका शाळेत जागा मिळतेय, पगार दुपटीहून जास्त, दिवाळीनंतर या म्हणतात. करारनामा फोनवर दाखवला. तीन महिन्यांचा पगार आणि वर 'संस्थेच्या नुकसानीपोटी' 50,000. अकरावं कलम नव्हतं, नववं होतं. बाकी शब्दसुद्धा तेच.

तिचा भाऊ मध्येच म्हणाला, सुप्रीम कोर्टानं बाँड बरोबर ठरवलाय, ग्रुपवर आलंय. आलं होतं ते खरं. 14 मे 2025 चा निकाल, विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याचा. तीन वर्षांच्या आत सोडलं म्हणून दोन लाख भरण्याची अट कोर्टानं वैध धरली. पण तिथे सार्वजनिक बँक होती, देशभर जाहिरात द्या, परीक्षा घ्या, मुलाखती घ्या, हा खर्च कोर्टानं मानला. आमच्या भाचीला शोधायला त्या शाळेला स्टँडवरच्या फ्लेक्सवर एक ओळ लिहावी लागली, 'विज्ञान शिक्षिका पाहिजे'. करार कायद्याचं 74 वं कलम म्हणतं की करारात लिहिलेला आकडा ही वरची हद्द आहे, त्याच्या आत जे वाजवी असेल ते द्यायचं. ही गोष्ट ग्रुपवर कोणी टाकत नाही.

मी तिला चाळिसावा नियम सांगितला. अस्थायी आहेस, एक महिना. सुटीत पडू देऊ नको. दोन प्रती, दोन्हींवर सही, रजिस्टर पोस्ट.

"मावशी, रजिस्टर पोस्ट आता बंद होतंय. स्पीड पोस्टातच घालताहेत ते."

"मग स्पीड पोस्टानं पाठव, पोचपावतीसकट. आणि एक प्रत हातोहात दे."

मग मी तिला ते विचारलं जे मला हेडसरांनी विचारलं होतं. आठवीचं काय? ती गप्प झाली. सांगताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. मी 6,000 साठी पंधरा दिवसांत उठून गेले आणि हिला दुप्पट पगारावर पाणी सोडायला सांगणार होते की काय? तसं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, पहिलं सत्र संपव. कुठवर आलीस ते एका वहीत लिही, कोणत्या पोराला काय येत नाही तेही लिही, आणि ती वही कार्यालयात न देता हेडसरांच्या हातात दे. पुढे येणारा ती उघडेल का, माहीत नाही. मी अशी वही ठेवली नव्हती.

"अन् पन्नास हजार मागितले तर?"

"कमी पडलेल्या दिवसांचे दे. बाकीचं लेखी माग म्हणावं. पावतीवर देणगी लिहू देऊ नको."

आतून आईनं विड्याच्या पानांसाठी हाक मारली. भाचीनं तिथेच माझ्या पोराच्या वहीतलं पान फाडून मजकूर उतरवायला घेतला, आधी पेन्सिलनं. प्रति, मा. अध्यक्ष. विषय, राजीनामा. खाली सहीची जागा आखली. वर उजव्या कोपऱ्यात 'दिनांक' लिहिलं, त्याच्यापुढे दोन टिंबं दिली आणि म्हणाली, "मावशी, तारीख मागून टाकते, पोस्ट करीन त्या दिवशी."

मी म्हटलं, "आत्ता टाक. पोस्ट उद्याच कर. कोरी ठेवू नको."